दुर्गाबाईंची एकनळी

मित्रांनो, जरा जवळ या. घाबरू नका, माझी नळी रिकामी आहे आणि काडतुसं पलीकडच्या खोलीत पेटीत कुलूप लावून ठेवलेली आहेत. मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. बारा बोअरची, मागे घोडा, खाली चाप आणि खांद्याला टेकवायला लाकडी दस्ता. माझ्या दस्त्यावर ओरखडे आहेत, नळीचा काळा रंग जागोजागी उडाला आहे, म्हणून येणारे-जाणारे मला म्हातारी म्हणतात. म्हणोत बापडे. माझा आवाज अजून खणखणीत आहे.

परवा तुमच्यातल्याच एका पोराने दुर्गाबाईंना विचारलं, "आजी, हिनं किती वाघ मारले?" दुर्गाबाई नुसत्या हसल्या. उत्तर मी देते. एकही नाही! वाघ तर सोडाच, मी कधी ससासुद्धा मारलेला नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात माझे छर्रे एकाच जिवाला लागले, आणि तो जीव माणसाचा होता. ती गोष्ट मी लपवणार नाही, पण आधी माझी ओळख नीट होऊ द्या.

माझा जन्म दूर बिहारात मुंगेरला झाला. तिथे बंदुका घडवणारे पिढीजात कारागीर आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने माझी नळी घासून गुळगुळीत केली, डोळ्याला लावून उजेडाकडे रोखून पाहिली आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग सरकारी तपासणी झाली, नळीवर ठसा उमटला आणि अंगावर नंबर कोरला गेला. बंदुकीला नाव नसतं, मित्रांनो. नंबर असतो, आणि तो जपतच तिला जन्म काढावा लागतो.

तिथून रेल्वेने मी जालन्याला आले. जुन्या जालन्यात, मस्तगडला, बदरोद्दीन मिस्त्रींचं बंदुकांचं दुकान होतं. विकायचे कमी आणि दुरुस्त जास्त करायचे. गिऱ्हाइकाला आवडेल ते गळ्यात मारायची त्यांची रीत नव्हती. आधी विचारायचे, कशाला हवी? एकोणीसशे एक्क्याऐंशी साली तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातले शेतकरी रखमाजी दुकानात आले. दोन वर्षं कचेऱ्यांच्या चकरा मारून त्यांना परवाना मिळाला होता. परवान्याच्या पुस्तकात कारण लिहिलं होतं, पीक संरक्षण.

"शिकारीचा शौक हाय काय, पाटील?" मिस्त्रींनी विचारलं.

"न्हाई हो. मला मारायचं काईच न्हाई. वढ्याच्या बाभळबनातून डुकरं येतेत आन् भुईमूग उकरून ठेवतेत. त्यायला निस्तं भ्या दावायचंय."

"तो मंग हीच घ्या. दिसायला साधी हाय, पर आवाज बराबर हाय हिचा."

अशी मी रखमाजींच्या घरी आले. माझं काम ठरलेलं होतं. तांबडं फुटायच्या सुमाराला रानडुकरं बाभळबनातून निघायची. त्याआधी रखमाजी मला खांद्यावर टाकून बांधावर येत, एक काडतूस भरत आणि तोंड आभाळाकडे करून बार काढत. बस्स, एवढंच. पण काय आवाज व्हायचा म्हणून सांगू! डुकरं शेपट्या वर करून ओढ्यापार व्हायची. गावात बाया म्हणायच्या, "रखमाजीचा बार झाला, उठा गं आता." माझ्या आवाजावर चुली पेटत. शेजारच्या दोन एकरवाल्या कचरूचं वावरही माझ्याच आवाजावर राखलं जाई. हा कचरू गावात हलगी वाजवायचा. तो गमतीने म्हणायचा, "रखमाजी, तुझी बंदूक अन् माझी हलगी, दोन्ही मिळून अख्खा शिवार जागा ठिवतोत."

मला याचा गर्व होता. का नसावा? गावात एकच बंदूक होती आणि ती मी होते.

दसरा आला की माझा थाट बघावा. खुरपी, विळे, तिफण आणि मी, सगळे एका ओळीत मांडले जायचो. रखमाजींच्या पत्नी दुर्गाबाई आम्हाला हळदकुंकू लावत, झेंडूची फुलं वाहत. आणि मग खास माझ्यासाठी वाटीत तेल यायचं. घाण्यावरून काढून आणलेलं, घरच्या करडईचं. ज्या तेलाची फोडणी घरच्या माणसांना, त्याच तेलाचा हात मला. फडक्याने त्या मला नळीपासून घोड्यापर्यंत चोळून काढत. नुसत्या दसऱ्यालाच नव्हे, मी जरा कोरडी दिसले की वाटी आलीच. मी लखलख चमकायची आणि त्या समाधानाने म्हणायच्या, "कशी नवरीवानी दिसून राह्यली!"

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? आम्हालाही तसंच वाटायचं. पण करडईचं तेल लोखंडावर राहिलं की हळूहळू वाळतं. पिवळं पडतं, चिकट होतं आणि शेवटी डिंकासारखं घट्ट बसतं. कढईच्या काठाला जमतं ना, तसंच. कढई राखेने घासून काढता येते. माझ्या घोड्याच्या आत मात्र कुणाचं बोट पोचत नव्हतं. वर्षामागून वर्ष तो थर साचत गेला, आणि मी मेली वरच्या चमकेवर खूश होते.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात रखमाजींच्या लेकीचं, सत्यशीलेचं लग्न निघालं. तेव्हा आमच्याकडे एक रीत होती. नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापाशी आली की ज्याच्याकडे बंदूक असेल त्याने हवेत बार काढायचा. बार झाला नाही तर लग्नाला शोभा नाही, असं पाहुणे बोलून दाखवत. दुर्गाबाईंनी आदल्या दिवशी मला दोनदा तेल लावलं. लग्नघरात माझाही मान होता.

वरात देवळापाशी आली. पुढे कचरूची हलगी नुसती कडाडत होती. रखमाजींनी मला आभाळाकडे धरलं आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. घोडा निम्म्यावर येऊन अडकला होता. फाल्गुनापासून माझा बार झाला नव्हता आणि आतलं तेल वाळून गच्च बसलं होतं.

"काय रखमाजी, बंदूक बी पाव्हण्यायला लाजली व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

रखमाजीही हसले. हसत हसत त्यांनी मला खाली घेतलं, काय झालं ते बघायला वाकले आणि तळव्याने एक थाप मारली. त्या थापेसरशी घोडा सुटला. बार जमिनीत गेला, पण तिथला दगड फुटला आणि छर्रे उसळले. हलगी थांबली. कचरू खाली बसला होता आणि त्याच्या डाव्या पोटरीतून रक्त वाहत होतं.

मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही. येत असतं तर मी त्या दिवशी रडले असते.

कचरूला टेम्पोत घालून जालन्याला नेलं. दवाखान्यात लग्नातला फटाका उडाला म्हणून सांगितलं आणि ओळखीच्या डॉक्टरने तसंच लिहून घेतलं. चार छर्रे निघाले, दोन आतच राहिले. पाय वाचला, पण कचरू कायमचा लंगडा झाला. पंच बसले. लेकीच्या सासरच्या गावी बोभाटा नको, ठाण्यात कागद नको, असं सगळ्यांचं मत पडलं. रखमाजींनी कचरूच्या घरी वर्षभर ज्वारी पोचवली. प्रकरण मिटलं, असं जो तो म्हणू लागला. कचरूला काय वाटतं, हे मात्र त्या बैठकीत कुणीच विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात रखमाजींनी मला मस्तगडला नेलं. मिस्त्रींनी माझा घोडा खोलला, आत सळई घातली आणि तिच्या टोकाला आलेला पिवळा लगदा त्यांच्यापुढे धरला.

"हे काय लावलं, रखमाजीभाई?"

"करडीचं तेल. घरचं हाय, चोख."

"अरे, वो खाने का तेल हाय! माणसाला चालतंय, लोखंडाला त्याचा गोंद होतो. शिलाई मशीनचं पातळ तेल लावायचं, दोन थेंब. आन् पुसून काढायचं, बस."

रखमाजींनी घरी येऊन हे दुर्गाबाईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग करडईच्या तेलाची वाटी उचलून आत ठेवून आल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. रखमाजी म्हणाले, "तू काय करशील? तुला तरी कुठं ठावं होतं? आता हे तोंडातून काढू नको कधी. तेलाचं कळलं तर सत्यशीलेच्या सासरचे तुलाच बोल लावतील." त्यांनी पुन्हा मला कुणाच्या वरातीत नेलं नाही. पण त्या दोघांनी कचरूचा विषयही पुन्हा कधी काढला नाही.

आता दुसऱ्या एका गोष्टीकडे येते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. निवडणूक आली की आमच्याकडे हुकूम निघायचा. अमुक तारखेच्या आत सर्व परवानाधारकांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावीत. कमरेचं पिस्तूल असो की खांद्यावरची बंदूक, मालक सज्जन असो की गुंड, सगळ्यांना एकच फर्मान. सरसकट. हा शब्द मला चांगला पाठ आहे, कारण त्यानेच माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं खाल्ली. गावाची निवडणूक, जिल्ह्याची निवडणूक, मुंबईची, दिल्लीची. दरवेळी रखमाजी मला एसटीने ठाण्यात सोडून यायचे आणि हातात एक पावती घेऊन परतायचे.

कुठलं ठाणं ते सांगत नाही. खोली अंधारी होती आणि पावसात भिंत ओलावायची. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. माझ्या शेजारी एक छोटंसं रिव्हॉल्व्हर असायचं. ते होतं मंठ्याच्या धर्मराज शेठचं, अडतीच्या धंद्यातल्या बड्या माणसाचं. रिव्हॉल्व्हर मोठं नखरेल. "तू खांद्यावरची, मी कमरेचं," असं ऐकवायचं. एकदा मात्र हळूच म्हणालं, "आमचे शेठ मला कधी चालवत नाहीत गं. हमाल काही बोलायला आले की टेबलावर काढून ठेवतात फक्त. मग हमाल बोलत नाहीत." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. पण माझ्या स्वतःच्या पोटात कचरूची गोष्ट होती, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलणार?

शहाण्णव साली रखमाजी गेले. दोन दिवसांचा ताप निमित्ताला झाला. वारसाहक्काने परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून दुर्गाबाईंनी अर्ज केला. कचेरीतला एक कारकून म्हणाला, "बाईमाणसाला बंदूक कशाला?"

"डुकरं काय बाईमाणूस बघून माघारी जातेत व्हय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

कारकुनाने अर्ज पुढे सरकवला आणि यथावकाश परवाना झाला. बदरोद्दीन मिस्त्रींनी त्यांना धरायला शिकवलं. पहिल्या बाराला मी त्यांच्या खांद्याला असा दणका दिला की चार दिवस हात वर होईना. पाचव्या दिवशी त्या पुन्हा बांधावर हजर. महिन्याभरात गावातल्या बाया म्हणू लागल्या, "दुर्गाबाईचा बार झाला, उठा." माझी मान ताठ झाली. खोटं कशाला बोलू, रखमाजींपेक्षा त्यांचा हात जास्त स्थिर होता.

नव्व्याण्णवला ऐन भाद्रपदात निवडणूक लागली. भुईमूग काढणीला आलेला, ज्वारी दाण्यात आलेली, आणि हुकूम निघाला. दुर्गाबाई ठाण्यात विनवणी करून आल्या, "पंधरा दिस थांबा, माल घरात येऊ द्या." पण हुकूम सरसकट होता, त्यात दुर्गाबाई असं नावच नव्हतं. मी दीड महिना त्या ओल्या भिंतीला टेकून काढला. परत आले तेव्हा नळीला गंज चढला होता आणि वावरात नुसती उकरलेली माती होती. कचरूची दोन एकरंही साफ. डबे-ताटं बडवून, फटाके लावून कचरू लंगडत लंगडत बांधावर धावला होता म्हणे, पण डुकरांनी त्याला दाद दिली नाही. त्या वर्षी रखमाजींच्या घरात पहिल्यांदा बाजारची ज्वारी आली. दुर्गाबाईंनी त्या भाकरीचा पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "परत न्हाई. पुढच्या टायमाला म्या बंदूक अशी देणार न्हाई."

आणि नवलाची गोष्ट अशी की वाट काढून दिली ती धर्मराज शेठच्या रिव्हॉल्व्हरने. शेठला ते दरवेळी जमा करणं कमीपणाचं वाटायचं. त्यांनी मोठा वकील लावला आणि कोर्टात दाद मागितली. पुढे दोन वर्षांनी निकाल आला. बदरोद्दीन मिस्त्रींनी तो उर्दू पेपरात वाचला आणि दुर्गाबाई दुकानात आल्या तेव्हा काडतुसांच्या रिकाम्या खोक्यावर मराठीत लिहून दिला.

"भाभी, बघा. कोर्ट म्हणतंय, सगळ्यांची हत्यारं सरसकट जमा करायची न्हाईत. एकेकाचा इचार करायचा. त्याला गरज काय, त्याची वागणूक कशी, मंग ठरवायचं. आता तुमाला हक्क हाय बोलायचा."

"म्हंजी माझी बंदूक येगळी बघतील?"

"बिलकुल येगळी. पर मंग सवाल बी येगळे इचारतील, हां."

मिस्त्रींच्या या शेवटच्या वाक्याकडे दुर्गाबाईंचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा निवडणूक लागली. वावरात शाळू कंबरेच्या वर उभा होता. दुर्गाबाईंनी अर्ज लिहून घेतला. 'सगळ्यांच्या बंदुका एका दावणीला बांधू नयेत. माझी बंदूक वेगळी बघावी,' असं त्यात त्यांनी मुद्दाम घालायला लावलं. जालन्याला सुनावणी ठरली. गावातला कुणी साक्षीला आणा, असं कळवलं होतं. कचरू आपणहून म्हणाला, "म्या येतो, वैनी. बंदूक गेली तर माझं बी वावर जातंय."

एसटीत मी दोघांच्या मध्ये, कापडात गुंडाळलेली. अंबड मागे पडलं. मग दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "कचरूभाऊ, त्येनी ते इचारलं तर?"

कचरू खिडकीबाहेर बघत होता. "न्हाई म्हणायचं. चौदा वर्सं झाली. कोन उकरतंय आता?"

मित्रांनो, खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. मला त्या ओल्या भिंतीकडे परत जायचं नव्हतं.

कचेरीत तीन अधिकारी बसले होते. मधले चष्मेवाले साहेब शांतपणे एकेकाला विचारत होते. आमच्या आधी धर्मराज शेठची पाळी आली. साहेबांनी विचारलं, "या शस्त्राने कधी कुणाला इजा झाली? कुणाला धाक दाखवला गेला?"

"बिलकुल नाही, साहेब. आजपर्यंत एक गोळी उडाली नाही."

ते खरंच होतं. गोळी उडाली नव्हती. साहेबांनी सही केली आणि रिव्हॉल्व्हर शेठच्या कमरेला परत गेलं. जाताना ते माझ्याशी एक शब्दही बोललं नाही.

"दुर्गाबाई रखमाजी," शिपायाने पुकारलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. शाळू किती, डुकरं कुठून येतात, नव्व्याण्णवला काय झालं, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. साहेब मान हलवत होते. मला वाटलं, जिंकलो आपण. मग तोच प्रश्न आला.

"या बंदुकीने कधी कुणाला इजा झाली आहे?"

मागून कचरूच घाईने म्हणाला, "न्हाई साहेब. काई न्हाई. गावातली चांगली बाई हाय."

"मी त्यांना विचारतोय," साहेब म्हणाले.

दुर्गाबाईंनी मागे वळून कचरूकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "झालीया, साहेब. एकदा झाली. माझ्या लेकीच्या वरातीत मालकानं बार काढला. घोडा अडला आन् मंग भलताच सुटला. ह्येच्या पायात छर्रे गेले. दोन अजून आत हायेत. कचरूभाऊ, दावा पाय."

कचरूने वाकून धोतर वर सारलं. पोटरीवरचा खड्डा सगळ्यांना दिसला.

"चाप कुणी ओढला?"

"मालकानं. पर घोडा अडला तो माझ्या तेलानं. करडीचं तेल म्या लावत आल्ते. मला ठावं नव्हतं, पर लावलं मीच. दवाखान्यात फटाका म्हून सांगितलं. ते बी खोटं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, याची कुठेच नोंद नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं. का सांगितलंत?"

"साहेब, माझी बंदूक येगळी बघा, असं म्याच अर्जात लिवलं. आता तुमी येगळी बघून राह्यलात, तं म्या झाकू कशी? सगळ्यायच्या गर्दीत व्हते तवर झाकून ऱ्हायलं. आता माझ्या एकटीचं इचारताय, तं सगळं माझ्या एकटीचंच सांगावं लागंल. न्यायची आसंल तर न्या."

साहेबांनी मग कचरूकडे पाहिलं. "इजा तुम्हाला झाली. तुमचं काय म्हणणं आहे?"

चौदा वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. कचरूने धोतर खाली सोडलं.

"दुखतं, साहेब. थंडीत लई दुखतं. हलगी घिऊन उभं ऱ्हाता येत न्हाई, म्हून वाजवणं सुटलं. रखमाजीनं जवारी दिली, माणूस वाईट न्हवता. पर चूक झाली, असं कुनी म्हनलंच न्हाई. समदे म्हनले, मिटलं. माझं कुठं मिटलं व्हतं?" तो दुर्गाबाईंकडे न बघता बोलत होता. "आज वैनी म्हनल्या. आता मिटलं म्हना. बंदूक ऱ्हाऊ द्या त्येंच्याकडं, तिनं माझं बी वावर राखलंय. पर कुनाच्या वरातीत ती आणायची न्हाई, एवढं लिहून घ्या."

दुर्गाबाई पदराने डोळे पुसत होत्या. तिघे अधिकारी आपसात बोलले. तक्रार नाही, चाप ओढणारा हयात नाही, चौदा वर्षांत दुसरा दोष नाही, पिकाची गरज खरी. शेवटी साहेब म्हणाले, "बंदूक तुमच्याकडे राहील. पण झाल्या गोष्टीचा शेरा परवान्यात लाल शाईने पडेल. दर नूतनीकरणाला तो वाचला जाईल. चालेल?"

"चालंल. वाचू द्या."

कारकुनाने लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणू लागला, "सदर बंदुकीने लग्नाच्या वरातीत एका इसमास पायास इजा..."

"इसम न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "नाव हाय त्येला. नाव बराबर लिवा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "लिहा." मग कारकुनाने कचरूला त्याचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव विचारून ते पुरं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना शाळूच्या बांधावर माझा बार झाला. जिल्ह्यातल्या कितीतरी बंदुका त्या दिवशी ठाण्यात होत्या आणि मी माझ्या शिवारात होते. त्या साली शाळू घरात आला, दोन्ही घरांत आला. असा बार मी आयुष्यात दुसरा काढला नाही.

मित्रांनो, आता थोडं ऐकून घ्या, म्हातारीचा हक्क म्हणून. यंत्र असो की हत्यार, त्याला काय लागतं ते जाणत्याला विचारा; नुसत्या मायेने त्याची निगा होत नाही. माझ्यासारखी वस्तू शोभेसाठी, मिरवण्यासाठी, कुणाला गप्प करण्यासाठी बाहेर काढू नका. आणि हक्क मागाल तेव्हा ताठ मानेने मागा, मला असे लोक आवडतात. पण त्याबरोबर येणारा प्रश्नही ताठ मानेनेच घ्या. मुंगेरच्या कारागिराने मान डोलावली, गावाने माझ्या आवाजावर चुली पेटवल्या, त्या सगळ्या शाबासक्या मला आठवतात. तरीही माझ्या अंगावरचं खरं भूषण कुठलं म्हणाल, तर तो लाल शेरा.

गेल्या साली परवान्याचं पुस्तक भरलं म्हणून नवं करायला आम्ही गेलो. कारकून नवा होता, पोरसवदा आणि मनाने चांगला. पानं चाळून म्हणाला, "आजी, हे फार जुनं झालं. नव्या पुस्तकात नाही उतरवलं तरी चालेल. उगाच दरवेळी तुम्हाला ऐकावं लागतं."

"उतरवा," दुर्गाबाई म्हणाल्या. "समदं उतरवा."

त्याने उतरवलं. दुर्गाबाईंना अक्षर लावून लावून वाचता येतं. नव्या पानावर बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द लावला, कचरूचं नाव पुरतं आलं आहे ना ते पाहिलं, आणि मगच मला काखेत मारून एसटी स्टँडकडे निघाल्या.